जॉर्ज सायमन ओहम

वर्धा जिल्ह्यातील आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत २४ व्होल्टच्या मंडलावर एक तांबडा एल.ई.डी. दिवा लुकलुकतो. त्यास सुमारे २ व्होल्टच पुरतात. मग तो जळून का जात नाही? याचे उत्तर एका शाळामास्तराच्या चरित्रात आहे.

ओहम यांचा जन्म १६ मार्च १७८९ रोजी जर्मनीतील एर्लांगेन येथे एका कुलुपे करणाऱ्या कारागिराच्या घरी झाला. गणिताचे पहिले धडे पित्यानेच दिले. १८१७ पासून कोलोनच्या विद्यालयात शिकविताना तेथील साधनांनी प्रयोग करून त्यांनी नियम शोधिला: विद्युत्प्रवाह दाबाच्या सम व रोधाच्या व्यस्त प्रमाणात असतो. १८२७ साली ग्रंथ निघाला. परंतु स्वदेशी त्याची उपेक्षाच झाली. इच्छिलेले प्राध्यापकपद मिळेना, तेव्हा हातची नोकरी सोडून त्यांनी कित्येक वर्षे विपन्नावस्थेत काढिली. १८४१ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने कॉप्ले पदक दिले. १८५२ साली म्यूनिकचे प्राध्यापकपद लाभले आणि ६ जुलै १८५४ रोजी ते निवर्तले.

आता दिव्याचा हिशेब पाहू. उरलेले २२ व्होल्ट रोधकाने सोसावयाचे. त्यांची उष्णताच होते, म्हणून प्रवाह अवघा ०.००२ अँपियर ठेवावा. २२ ला ०.००२ ने भागिता ११,००० ओहमचा रोधक येतो. रोधाच्या एककास आज त्यांचेच नाव आहे. उपेक्षेने खचणाऱ्या विद्यार्थ्याने त्या चिमुकल्या दिव्याकडे एकवार पाहावे, इतकेच आमचे मागणे.