आठ ओळींतला विसावा

त्र्यंबक बापूजी ठोंबरे यांचा जन्म १३ ऑगस्ट १८९० रोजी खानदेशातील धरणगावी झाला. वडील पोलीस खात्यात होते. बदली झाली की बिऱ्हाड हलायचे, त्यामुळे शाळेचे शिक्षण कधी सलग झालेच नाही. मात्र गावोगावचे ओढे, मळे आणि टेकड्या लहान वयातच या मुलाच्या ओळखीच्या झाल्या. पुढे त्याच्या कवितेला पुरून उरली ती हीच शिदोरी.

१९०७ साली जळगावात कविसंमेलन भरले. अध्यक्षस्थानी कर्नल डॉ. कीर्तिकर होते. जमलेल्या बुजुर्गांपुढे सतराच्या आतबाहेरच्या या पोराने कविता म्हटल्या आणि सभा थक्क झाली. कीर्तिकरांनी त्याला ‘बालकवी’ ही पदवी दिली आणि ठोंबरे हे आडनाव मागे पडले.

याच सुमारास रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा स्नेह लाभला आणि बालकवी त्यांच्या नगरच्या घरी येऊन राहिले. जातिनिर्बंधांच्या त्या काळात ब्राह्मण घरातल्या तरुणाने ख्रिस्ती कुटुंबात असे वावरणे सोपे नव्हते. लक्ष्मीबाई टिळकांनी त्यांना पोटच्या मुलासारखे सांभाळले. त्यांचा हट्टी, लहरी आणि तितकाच लाघवी स्वभाव ‘स्मृतिचित्रे’मुळे मराठी वाचकांच्या परिचयाचा झाला आहे.

‘फुलराणी’ आणि श्रावणावरची कविता पाठ्यपुस्तकांतून घरोघरी पोहोचल्याने महाराष्ट्राने या कवीला आनंदाचा कवी ठरवून टाकले. ते अर्धेच खरे आहे. संसार सुरू झाला तरी पैशाची विवंचना सुटली नाही, नोकरीत मन रमले नाही. मनावर पुन्हा पुन्हा मळभ दाटून येई आणि त्याचे कारण त्यांचे त्यांनाही उमगत नसे. या कारणाच्या शोधातच त्यांनी उदासीनतेवर स्वतंत्र कविता लिहिली. निसर्ग हा त्यांचा खेळगडी होताच, पण मन थाऱ्यावर राहावे म्हणून धरलेला आधारही होता.

हा आधार सर्वांत स्पष्ट दिसतो तो ‘औदुंबर’मध्ये. कविता अवघ्या आठ ओळींची आहे. त्यात रानफुलांचा उत्सव नाही, इंद्रधनुष्य नाही. ओढा वाहतो आहे, टेकडीपाशी मोजक्या घरांची वस्ती आहे, पुढे दाट शेते आहेत आणि त्यांतून वाट काढत एक पाऊलवाट खोल, गडद पाण्याकडे उतरते आहे. खानदेशातल्या कोणत्याही वाटसरूला रोज दिसावे असे हे दृश्य. शेवटी पाण्यालगतचे उंबराचे झाड येते. मराठी मनाला औदुंबर म्हटले की दत्तगुरू आठवतात, पण कवी त्या वाटेला जात नाही. त्याचे झाड नुसते बसले आहे. संपूर्ण कवितेत एकही माणूस नाही, ‘मी’ तर नाहीच. एरवी फुलांना बोलायला आणि किरणांना लग्न लावायला शिकवणारा हा कवी इथे स्वतःला बाजूला काढतो, आणि बहुधा त्यामुळेच ही शांतता खरी वाटते.

त्या अखेरच्या ओळीवर समीक्षकांनी बरीच शाई खर्च केली. कुणाला तिच्यात विरक्ती दिसली, कुणाला निराशा. पाण्यावरची काळी सावली कवितेत आहे हे नाकारता येत नाही, मात्र कवी तिला भीत नाही. तो तिला गोडी लावतो. उदास माणसाने उदासी न झटकता तिच्याशेजारी स्वस्थ बसावे, अशी ही शांती आहे. श्रावणाच्या कवितेत डोळे सुखावतात, पण असा विसावा तिथेही मिळत नाही.

५ मे १९१८ रोजी जळगावजवळच्या भादली स्थानकापाशी रूळ ओलांडत असताना रेल्वेगाडीखाली सापडून बालकवींचा मृत्यू झाला. वय होते २७. तोवर त्यांच्या कवितांचा संग्रह निघालेला नव्हता. जानेवारी १९१९ मध्ये गोविंदाग्रज गेले आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यात टिळकही. ज्या घराने बालकवींना आसरा दिला होता, तिथे त्यांच्या आठवणी लिहिण्यासाठी लक्ष्मीबाई तेवढ्या उरल्या.