गवताची पाने
मुलांनो, वॉल्ट व्हिटमन या मनमौजी अमेरिकन कवीचे नाव तुम्ही ऐकले आहे का? त्यांचा जन्म १८१९ साली झाला. घरच्या गरिबीमुळे ११ व्या वर्षी त्यांची शाळा सुटली. छापखान्यात ते खिळे जुळवायला शिकले. १८३८ मध्ये त्यांनी स्वतःचे वर्तमानपत्र काढले व घोड्यावरून घरोघरी वाटले. १८५५ मध्ये ‘लीव्ह्ज ऑफ ग्रास’, म्हणजे ‘गवताची पाने’, हे १२ कवितांचे पुस्तक त्यांनी पदरच्या पैशाने छापले. यादवी युद्धात त्यांनी जखमी सैनिकांची सेवा केली. तरीही १८६५ मध्ये याच पुस्तकामुळे त्यांची सरकारी नोकरी गेली. पण त्यांनी पुस्तक सोडले नाही. १८९२ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते त्यात भर घालत राहिले. सांगा, तुम्ही एखादे काम ३७ वर्षे असे जपाल का?