विश्लेषण : दातांवरून मुलांचे वय ओळखणारे एडविन साँडर्स कोण होते?

शहापूर किंवा मुरबाडच्या एखाद्या पाड्यावर घरीच जन्मलेले मूल डोळ्यांसमोर आणा. जन्माची नोंद नाही. आईवडिलांबरोबर दरवर्षी वीटभट्टीवर जात असल्याने शाळेचा दाखलाही नाही. ते १३ वर्षांचे असेल, तर त्याला कामावर ठेवणे गुन्हा आहे. १५ वर्षांचे ठरले, तर प्रकरणच बदलते. बाल न्याय कायद्याच्या (२०१५) कलम ९४ नुसार आधी शाळेचा आणि मग जन्माचा दाखला पाहिला जातो. दोन्ही नसतील तरच वैद्यकीय तपासणी होते. तिथे दातांचा एक्स-रे कामी येतो. दातांवरून वय ठरवण्याची सुरुवात मात्र एक्स-रेच्या कितीतरी आधी, लंडनच्या एका दंतवैद्याने केली.

व्हायचे होते इंजिनीअर

एडविन साँडर्स यांचा जन्म १८१४ मध्ये लंडनमध्ये झाला. वडील पुस्तकांचे प्रकाशक. मुलाला यंत्रांचे वेड, स्थापत्य अभियंता होण्याची इच्छा. पण त्या क्षेत्रात भवितव्य दिसेना, म्हणून ते दंतवैद्यकाकडे वळले. (इंजिनीअरिंग करून बातम्या लिहिणाऱ्याला हे वाचून जरा बरे वाटते.)

कारखान्यातील मुले आणि दात

१८३३ च्या ब्रिटिश कायद्याने कापड गिरण्यांत ९ वर्षांखालील मुलांना बंदी घातली. ९ ते १३ वयोगटाला दिवसाला ९ तासांची मर्यादा घातली. पण वय सिद्ध कसे करणार? सरकारी जन्मनोंदणी तिथे १८३७ मध्ये सुरू झाली. मजुरीसाठी पालक वय वाढवून सांगत. उंची मोजली जाई, आणि अंगाने थोराड असलेले मूल लहान वयातच कामाला लागे.

साँडर्स यांनी हजाराहून अधिक मुलांची तोंडे तपासली. पहिली कायमची दाढ साधारण सहाव्या वर्षी, दुसरी बाराव्या वर्षाच्या आसपास येते. त्यामुळे उंचीपेक्षा दात भरवशाचे, असा त्यांचा निष्कर्ष होता. १८३७ मध्ये त्यांनी तो पुस्तिकेच्या रूपाने ब्रिटिश संसदेपुढे मांडला. तेव्हा ते अवघे २३ वर्षांचे होते.

पुढे ते राणी व्हिक्टोरियाचे दंतवैद्य झाले. १८८३ मध्ये ‘सर’ किताब मिळाला. तो मिळवणारे ते पहिले दंतवैद्य. १९०१ मध्ये त्यांचे निधन झाले.

एक्स-रेने काय बदलले?

साँडर्स फक्त हिरडीबाहेर आलेले दात पाहू शकत होते. १८९५ मध्ये एक्स-रेचा शोध लागला आणि जबड्यात तयार होणारा दातही दिसू लागला. १९७३ मध्ये डेमिर्जियन आणि सहकाऱ्यांनी खालच्या जबड्यातील डावीकडचे सात दात घेऊन प्रत्येकाच्या वाढीचे आठ टप्पे ठरवले. टप्प्यांना गुण, गुणांची बेरीज आणि त्यावरून वय, असे हे गणित.

अडचण इथेच आहे. हे गणित कॅनडातील फ्रेंच भाषक मुलांवर बेतलेले. १९९८ मध्ये दक्षिण भारतातील मुलांवर ते लावून पाहिले, तेव्हा वय सरासरी सुमारे ३ वर्षांनी जास्त आले. म्हणजे १२ वर्षांचे मूल कागदावर १५ वर्षांचे. त्यामुळे भारतीय मुलांसाठी वेगळी सूत्रे तयार करण्यात आली, आणि दातांच्या जोडीला मनगटाचा एक्स-रेही काढला जातो.