विश्लेषण : गाडीच्या स्टिरिओची ताकद ठरवणारे ओहम कोण होते?

गाडीच्या म्युझिक सिस्टीमच्या खोक्यावर ‘५० वॅट × ४’ असे ठळक छापलेले असते. स्पीकरच्या पाठीवर मात्र बारीक अक्षरांत ‘४ ओहम’ एवढेच. आवाज दणदणीत हवा म्हणून बहुतेक जण वॅटचा आकडा बघून पैसे मोजतात. पण स्टिरिओतून किती ताकद निघणार, हे ठरते ते बॅटरीचे व्होल्टेज आणि स्पीकरचा ओहम यांवर. सुमारे २०० वर्षांपूर्वी या हिशेबाचा पाया घालणारे जॉर्ज सायमन ओहम हे जर्मनीतील एक शाळामास्तर होते.

कुलूपवाल्याचा मुलगा

जन्म १६ मार्च १७८९, एर्लांगेन गावी. वडील कुलपे बनवणारे कारागीर, फारसे न शिकलेले. पण स्वतःच पुस्तके वाचून गणित शिकले आणि मुलांनाही शिकवले. ओहम दहा वर्षांचे असताना आई गेली. १८०५ मध्ये ते विद्यापीठात दाखल झाले, पण नाच, स्केटिंग आणि बिलियर्ड्समध्येच रमले. वडील संतापले आणि पोराला स्वित्झर्लंडला जावे लागले. तिथे ते शाळेत गणित शिकवू लागले. परत येऊन १८११ मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळवली. १८१७ पासून ते कोलोन येथील शाळेत शिकवत होते. पगार बेताचा, पण शाळेची प्रयोगशाळा चांगली होती. कारागिराच्या घरातला हात इथे उपयोगी पडला.

बर्फ आणि उकळते पाणी

तार लांब झाली की करंट किती घटतो, हे त्यांना मोजायचे होते. अडचण बॅटरीची होती. त्या काळच्या बॅटरीचा दाब मोजता मोजताच उतरायचा, त्यामुळे १८२५ मध्ये काढलेले पहिले सूत्र चुकले. मग पोगेनडॉर्फ या संपादकांनी वेगळा मार्ग सुचवला : बिस्मथ आणि तांबे जोडून एक सांधा उकळत्या पाण्यात आणि दुसरा बर्फात ठेवायचा. पाणी उकळते आहे आणि बर्फ टिकून आहे तोवर व्होल्टेज हलत नाही. १८२६ मध्ये आकडे जुळले आणि पुढच्या वर्षी पुस्तक आले. व्होल्टेज वाढले तर करंट वाढतो, रोध वाढला तर घटतो. बस, एवढेच.

मग ‘५० वॅट’ कुठून आले?

या नियमाला जूल यांचे नंतरचे संशोधन जोडले की सूत्र मिळते : व्होल्टेजचा वर्ग भागिले ओहम. इंजिन चालू असताना गाडीत साधारण १४.४ व्होल्ट असतात. त्याचा वर्ग सुमारे २०७, भागिले ४ म्हणजे जवळपास ५२. खोक्यावरचा आकडा हाच! पण तो आवाज पूर्ण फाटल्यावरचा. स्वच्छ आवाजात याच्या निम्मीच ताकद मिळते, आणि चिपमधली गळती धरली तर साधारण २० वॅट उरतात.

आजच्या स्टिरिओत स्पीकरची दोन्ही टोके चिप आलटून पालटून उलट दिशांना ढकलते. म्हणजे उपलब्ध व्होल्टेज आधीच पूर्ण वापरलेले असते. म्हणूनच स्पीकरची मायनस तार गाडीच्या बॉडीला जोडू नये आणि दोन आउटपुटही एकत्र करू नयेत. चिप जळू शकते. एकाच आउटपुटला ४ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले तर रोध २ ओहम होतो आणि करंट दुप्पट. चिप त्यासाठी बनलेली नसेल तर ती तापून बंद पडते. उरतो वेगळा अ‍ॅम्प्लिफायर. तो आत व्होल्टेजच वाढवतो, म्हणून त्याला बॅटरीपासून जाड तार आणि फ्यूज लागतो. तरीही ताकद दुप्पट केल्याने आवाज जेमतेम ३ डेसिबलने वाढतो. त्यापेक्षा जास्त संवेदनशील स्पीकर कित्येकदा स्वस्तात काम करतो.

नियम बरोबर, कदर शून्य

जर्मनीत मात्र ओहम यांच्या पुस्तकाचे स्वागत थंडच झाले. भौतिकशास्त्रात एवढे गणित अनेकांना रुचले नाही. काहींनी कठोर टीका केली. दुखावलेल्या ओहम यांनी कोलोनची नोकरी सोडली. पुढची काही वर्षे बर्लिनमध्ये किरकोळ तासिकांवर गेली. १८३३ मध्ये न्यूरेम्बर्गच्या तंत्रशाळेत जागा मिळाली. खरा मान आला तो परदेशातून : १८४१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना कोपले पदक दिले. ज्या प्राध्यापकपदाची आयुष्यभर वाट पाहिली, ते म्युनिकमध्ये १८५२ साली मिळाले, तेव्हा वय ६३ होते. ६ जुलै १८५४ रोजी त्यांचे निधन झाले.

ध्वनीवरही त्यांनी काम केले होते. कान मिश्र आवाजातले साधे सूर वेगवेगळे करून ऐकतो, हा विचार त्यांनी १८४३ मध्ये मांडला. स्पीकरच्या पाठीवर नाव येण्याची वाट मोकळी झाली ती १८८१ मध्ये, पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय वीज परिषदेने रोधाच्या एककाला ‘ओहम’ हे नाव स्वीकारले तेव्हा.