गानहिरा हिराबाई बडोदेकर

मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी मीही चार ओळी लिहाव्यात असा आग्रह झाला. मी सातवीपर्यंत शिकलेली, चूलमूल सांभाळणारी बाई. गाण्यातले शास्त्र मला कळत नाही. परंतु ज्यांच्यामुळे घरंदाज बायकांना गाण्याच्या बैठकीला उजळ माथ्याने जाऊन बसता आले, त्या हिराबाई बडोदेकरांची हकिगत आपल्या लेकीसुनांना ठाऊक असावी असे मला फार वाटते.

हिराबाईंचा जन्म १९०५ साली मिरजेस झाला. वडील किराणा घराण्याचे थोर गवई उस्ताद अब्दुल करीम खाँ. आई ताराबाई माने या बडोद्याच्या सरदार घराण्यातल्या. खाँसाहेब बडोद्याच्या दरबारी गायक असता दोघांची मने जुळली नि दोघांनीही बडोदे सोडले. पुढे मात्र पटेना, आणि १९२२ च्या सुमारास ताराबाई पाचही मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या. त्यांनी मुलांची नावेसुद्धा बदलली. चंपाकलीची हिराबाई झाली, सकीनाची सरस्वती, अब्दुल रहमानचे सुरेशबाबू. पाच लेकरे पदरात घेऊन त्या काळी एकटीने उभे राहायचे म्हणजे काय, हे जिच्यावर वेळ आली असेल तीच जाणे.

हिराबाईंना गाणे शिकवले ते थोरले बंधू सुरेशबाबू आणि किराणा घराण्यातलेच उस्ताद अब्दुल वहीद खाँ यांनी. एकेक सूर सावकाश, लहान मुलाला निजवावे तशा हळुवारपणे पुढे न्यायचा, ही त्या घराण्याची रीत.

त्या काळी बाईने चारचौघांत गावे हे कुलीन घरात कोणी ऐकूनही घेत नसे. गाणाऱ्या बाया धनिकांच्या दिवाणखान्यात गात, आणि नुसत्या गळ्यावर भागत नसे, हावभावही करावे लागत. हिराबाईंनी ही रीत मोडली. नीट पदर घेऊन, तंबोऱ्यांच्या मध्ये स्वस्थ बसून त्या गाऊ लागल्या; हातवारे नाहीत की नखरे नाहीत. शिवाय त्यांच्या बैठका थिएटरात तिकीट लावून होऊ लागल्या. अशी जाहीर गाणी करणाऱ्या अगदी पहिल्या स्त्रियांमध्ये त्यांची गणना होते. तिकीट काढले की कोणासही जाता येई, म्हणून नवऱ्याबरोबर बायको, सासूबरोबर सूनही जाऊ लागली. मला यातले मोल फार मोठे वाटते.

पुढे भावंडांनी मिळून नाटक मंडळी काढली. पुरुषांनी लुगडी नेसून नायिका व्हायचे, असा तो जमाना. येथे मात्र स्त्रियांच्या भूमिका स्त्रियाच करीत. मंडळी फार काळ तगली नाही, कर्ज झाले, ते हिराबाईंनी गावोगाव गाऊन फेडले. काही चित्रपटांतही त्यांनी कामे केली. जुनी तबकडी एका बाजूस जेमतेम तीन मिनिटे वाजायची, पण तेवढ्यात त्यांचे गाणे पुरे व्हायचे, काही राहून गेले असे वाटत नसे. माझ्या आजेसासूबाई रेडिओवर त्यांचे पद लागले की हातातले सूप खाली ठेवीत. मलाही ती गोडी तेथेच लागली.

आता आपल्या गावाचे पाहा. हमरापूर म्हणजे गणपतीचे गाव. श्रावण लागला की बाहेरगावची मंडळे मोठ्या मूर्ती न्यायला येतात, आणि काहींच्या पुढे त्या आवाजाच्या भिंती असतात. कारखान्यात फळीवर मांडलेल्या मूर्ती थरथरतात, डोळ्यांची आखणी करणाऱ्याचा हात थांबतो, पाळण्यातली मुले दचकून रडतात. गाण्याचे शब्द कोणते, चाल कोणती, काही उमगत नाही, फक्त छातीत धडधड होते. नवे सगळेच वाईट असे मी म्हणत नाही; माझ्या मुलीच्या मोबाईलवरची दोनचार नवी गाणी मलाही आवडतात. पण त्या मिरवणुकीत म्हाताऱ्या बायका दारे लावून आत बसतात. हिराबाईंनी ज्यांना गाणे ऐकायला घराबाहेर आणले, त्याच बायकांना आजचे गाणे पुन्हा घरात कोंडते, याचा मला राग येतो.

हिराबाईंना १९६५ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आणि १९७० साली पद्मभूषण मिळाले. धाकट्या सरस्वतीबाई राणे यांच्यासह त्या जुगलबंदी गात. दोघी बहिणींनी एकत्र बसून ख्याल गाणे हे तेव्हा नवलच होते. २० नोव्हेंबर १९८९ रोजी पुण्यात हिराबाईंचे निधन झाले. त्यांच्या शिष्या प्रभा अत्रे यांनी ती गायकी पुढे चालवली, त्याही जानेवारी २०२४ मध्ये गेल्या. हिराबाईंच्या जुन्या तबकड्यांतले गाणे आता मोबाईलवर ऐकायला मिळते. हळदीकुंकवाच्या दिवशी मी ते लावणार आहे. ज्यांना यायचे त्यांनी दुपारी तीनच्या सुमारास आमच्या ओटीवर यावे, चहा होईलच.