हिदायतुल्ला : पदाची मर्यादा जाणणारा राष्ट्रप्रमुख

सरन्यायाधीशपद, उपराष्ट्रपतिपद आणि राष्ट्रपतिपदाचा कार्यभार या तिन्ही जबाबदाऱ्या सांभाळणारी एकच व्यक्ती देशाच्या इतिहासात आढळते. ती म्हणजे न्या. मोहम्मद हिदायतुल्ला. सत्ताधारी आणि विरोधक एकमेकांना पाण्यात पाहत असताना सर्वोच्च पदावरील व्यक्तीने कसे वागावे, याचा वस्तुपाठ त्यांच्या कारकिर्दीत सापडतो.

नागपूरच्या मॉरिस कॉलेजात आणि पुढे केंब्रिजमध्ये शिकलेल्या हिदायतुल्लांनी १९३० मध्ये नागपुरात वकिली सुरू केली. १९५४ मध्ये ते नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश झाले. दोनच वर्षांत राज्य पुनर्रचना झाली. नागपूर मुंबई राज्यात गेले, राजधानीचा मान गमावून बसले आणि नव्या मध्य प्रदेशाचे उच्च न्यायालय जबलपूरला आले. त्याचे पहिले मुख्य न्यायाधीश हिदायतुल्लाच होते. इंदूर आणि ग्वाल्हेर येथे खंडपीठे ठेवून जुन्या न्यायपरंपरांना नव्या व्यवस्थेत सामावून घेण्यात आले. विलीन झालेल्या प्रदेशांतील न्यायाधीश व वकील यांना एका न्यायालयात नांदवण्याचे काम जबलपुरातून झाले. १९५८ मध्ये ते सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९६८ मध्ये सरन्यायाधीश झाले.

खरी कसोटी १९६९ मध्ये लागली. राष्ट्रपती झाकिर हुसेन यांचे निधन झाले. हंगामी राष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी यांनी निवडणूक लढवण्यासाठी २० जुलै रोजी राजीनामा दिला. राष्ट्रपती आणि उपराष्ट्रपती ही दोन्ही पदे रिकामी झाली, तर सरन्यायाधीशांनी कार्यभार पाहावा, असा कायदा संसदेने मे महिन्यातच केला होता. काँग्रेस फुटीच्या उंबरठ्यावर होती. संजीव रेड्डी हे पक्षाचे अधिकृत उमेदवार, तर इंदिरा गांधींचा कल गिरींकडे. अशा ३५ दिवसांत राष्ट्रपती भवनातील व्यक्तीच्या प्रत्येक कृतीकडे संशयाने पाहिले जाणे स्वाभाविक होते. ९ ऑगस्टला हिदायतुल्लांनी १४ बँकांच्या राष्ट्रीयीकरणाच्या विधेयकास मंजुरी दिली. संसदेने संमत केलेले विधेयक अडवणे हे त्यांचे काम नव्हते. मात्र त्या कायद्याला आव्हान देणारी याचिका पुढे सर्वोच्च न्यायालयात आली, तेव्हा ती ऐकणाऱ्या ११ न्यायाधीशांच्या पीठात ते नव्हते.

त्यांची तटस्थता म्हणजे सरकारची पाठराखण नव्हती. संस्थानिकांची मान्यता काढून घेणारा राष्ट्रपतींचा आदेश त्यांच्या अध्यक्षतेखालील पीठाने १५ डिसेंबर १९७० रोजी रद्द ठरवला. दुसऱ्या दिवशी ते निवृत्त झाले.

१९७९ मध्ये जनता पक्षाची वाताहत झालेली असतानाही ते उपराष्ट्रपती म्हणून बिनविरोध निवडून आले. राज्यसभेचे सभापतिपदही ओघानेच आले. जानेवारी १९८० मध्ये इंदिरा गांधी लोकसभेत प्रचंड बहुमताने परतल्या, पण राज्यसभेत विरोधकांचे संख्याबळ अधिक होते. ३० जानेवारीला राष्ट्रपतींच्या अभिभाषणावरील आभारप्रस्तावात विरोधकांची दुरुस्ती संमत झाली. राज्यसभेत असे प्रथमच घडत होते. सरकारची नामुष्की झाली, पण सभागृहाचा कौल नोंदला गेला आणि कामकाज पुढे चालू राहिले. ऑक्टोबर १९८२ मध्ये झैलसिंग उपचारांसाठी परदेशी असताना त्यांनी पुन्हा काही आठवडे राष्ट्रपतिपदाचे काम पाहिले.

१८ सप्टेंबर १९९२ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. तडजोड म्हणजे दोन्ही बाजूंना थोडे थोडे वाटून देणे, असा समज दिल्लीत रूढ आहे. हिदायतुल्लांच्या चरित्रातून तिचा वेगळा अर्थ उमगतो. बहुमताला त्याचा निर्णय घेऊ द्यावा, विरोधकाला त्याचा मार्ग मोकळा ठेवावा आणि स्वतःच्या अधिकाराची रेषा ओलांडू नये. पराभूत पक्षाचाही विश्वास टिकतो, तो यामुळेच.