सरखेल कान्होजी आंगरे : वारा-पाण्याचा अभ्यास असलेला सेनानी



मोठ्या संग्रहालयांत पडद्यासमोर उभं राहून जुनं जहाज हाकायचा खेळ असतो म्हणे. आपल्या शाळेत तो कुठून आणणार? म्हणून मी पटांगणात चुन्याने खाडी आखली, भरती, ओहोटी, खारे वारे, मतलई वारे अशी कार्डं केली आणि मुलांना कान्होजींच्या गुराबाचे तांडेल केलं. पण आधी त्यांचं चरित्र सांगितलं. तेच इथे देत आहे.

कान्होजींचं घराणं मूळचं संकपाळ. आंगरवाडी गावावरून ते आंगरे झाले. वडील तुकोजी शिवरायांच्या आरमारात होते. कान्होजींचं बालपण सुवर्णदुर्गाच्या परिसरात, म्हणजे समुद्रातच गेलं म्हणा ना! छत्रपती राजारामांच्या काळात ते पराक्रमाने पुढे आले आणि सरखेल, म्हणजे आरमारप्रमुख झाले.

पुढे ताराबाई आणि शाहू महाराज यांच्या वादात ते ताराबाईंच्या बाजूने होते. 1713 मध्ये त्यांनी शाहूंचे पेशवे बहिरोपंत पिंगळे यांना कैद केलं. मग नवे पेशवे बाळाजी विश्वनाथ यांनी लढाई न करता बोलणी केली. कान्होजी शाहूंना मिळाले आणि सरखेलपद त्यांच्याकडेच राहिलं.

समुद्रावर जाणाऱ्या व्यापाऱ्याने त्यांचं दस्तक, म्हणजे परवाना घ्यावा, असा त्यांचा नियम होता. पोर्तुगीज तर आधीपासूनच असे परवाने देत होते. पण कान्होजींनी तेच केल्यावर इंग्रज त्यांना चाचा म्हणू लागले! मुलांशी यावर जरूर चर्चा करा.

इंग्रजांनी 1717 मध्ये आपल्याच जिल्ह्यातल्या विजयदुर्गावर आणि 1718 मध्ये खांदेरीवर हल्ला केला. 1720 मध्ये ते तरता तोफखाना घेऊन पुन्हा विजयदुर्गावर आले. 1721 मध्ये पोर्तुगीजांसह कुलाब्यावर आणि 1724 मध्ये डच विजयदुर्गावर चालून आले. सगळे हात हलवत परत गेले.

हे कसं जमलं? कान्होजींची गुराबं उथळ पाण्यात चालणारी. वारा पडला की वल्ह्यांची गलबतं त्यांना ओढून नेत. शत्रूच्या जहाजाच्या तोफा मुख्यतः दोन्ही बाजूंना असत, म्हणून हे मागून जाऊन भिडत. म्हणजे वारा आणि पाणी हेच त्यांचं मोठं शस्त्र होतं.

4 जुलै 1729 रोजी कान्होजी गेले. मुंबईतल्या नौदलाच्या तळाला आज ‘आयएनएस आंग्रे’ हे नाव आहे.

आता आमच्या खेळाचं सांगते. मी शत्रूचं मोठं जहाज खाडीत घुसवलं. तेवढ्यात एरवी मागे गप्प बसणारा एक मुलगा उठला. त्याचे बाबा होडीवर जातात. तो म्हणाला की कार्ड ओहोटीचं आहे, एवढं जहाज खाडीच्या तोंडावरच रुतणार. मी वरमलेच! माझ्या लक्षातच आलं नव्हतं. वाचनात अडखळतो म्हणून मी त्याला कच्चा धरलं होतं, आणि कान्होजींना जे कळत होतं ते वर्गात फक्त त्यालाच कळलं.

पालकहो, उधाण कधी, भांग कधी, वारा कुठून, हे तुम्हाला ठाऊक असलेलं मुलांना सांगत जा. तोही अभ्यासच आहे. आणि शिक्षकहो, एक दिवस गावातल्या एखाद्या तांडेल आजोबांना वर्गात बोलवा. पाठ आपोआप रंगेल.